सरणाला दार नसतं

नीलगिरीच्या ओंडक्यांच्या भिंती गुडघ्याइतक्या वर आल्या होत्या, तेव्हा गगनबावड्याकडे निघालेला एक माणूस रस्त्याकडेला मोटारसायकल लावून आमची चढण चढून आला. कमरेवर हात ठेवून त्यानं चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्ये घर हाय का सरण?"

मी छिन्नीनं एका ओंडक्याच्या पोटातली खाच साफ करत होते. "सरणाला दार नसतं," मी म्हणाले.

दार तेवढं खरंच उभं होतं. जुन्या जोत्यावर टेकू देऊन उभी केलेली सागवानी चौकट, तिच्या माथ्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, आणि दोन्ही अंगांना रचत आणलेले सोललेले ओंडके. सुताराची बायको चिमणाबाई काथ्या पिंजता पिंजता हसायला लागली. तो माणूस "पावसाळ्यात येतो बघायला" असं म्हणून खाली उतरला.

पावसाळ्यात बघायला येणारा तो पहिला नव्हता. त्याच्या आधी माझ्या भावानं नंबर लावला होता.

सम्मेदचं कोल्हापूरच्या शाहूपुरीत सिमेंटचं दुकान आहे. गगनबावड्याच्या अलीकडची ही जमीन वडिलांनी घेतली, ती आम्हा दोघांच्या नावावर आहे. तिच्यावर वडिलांनी लावलेली नीलगिरी होती आणि पडून गेलेल्या गोठ्याचं जांभ्या दगडाचं उंच जोतं होतं. सम्मेदला ती एका रिसॉर्टवाल्याला द्यायची होती. मला तिथे राहायचं होतं.

"तुला इथं काय कमी आहे?" तो विचारायचा, आणि मनापासून विचारायचा. कमी काहीच नव्हतं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्याच्या घरी मला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली होती. तिच्यातूनच गच्चीवर जायची वाट होती. कपडे वाळत घालायला, पापड उचलायला, टाकीतलं पाणी बघायला घरातला प्रत्येक जण माझ्या खोलीतून जायचा. मी वाचत असले तर "तू वाच, वाच" असं म्हणून जायचा. आतून कडी लावायची सोय नव्हती. लावली असती तर सगळ्या घराची गच्ची बंद झाली असती.

आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवतात. तशाच एका जेवणात मी ओंडक्यांच्या घराचं बोलले.

"लाकडाचं?" सम्मेद म्हणाला. "गगनबावड्यात? अगं, तिथं पावसाळ्यात माणसाच्या अंगावर बुरशी येते."

"झाडं जागेवरच आहेत. विटांचा ट्रक त्या चढणीवर जात नाही. आणि ती नीलगिरी तुला नकोच आहे."

"सिमेंटवाल्याची बहीण लाकडाच्या घरात! गिऱ्हाईक मला काय म्हणेल?"

"सांग त्यांना, बहीण ऐकत नाही."

"ते सगळ्या शाहूपुरीला माहीत आहे." त्यानं ताट पुढे सरकवलं. "बरं, एक पावसाळा. श्रावणात येतो आणि आतल्या बाजूनं चारी भिंतींवर हात फिरवतो. हात कोरडा राहिला तर जागा तुझी, मी परत नाव काढणार नाही. ओला झाला तर रिसॉर्टवाल्याला होय म्हणायचं, आणि तू गपगुमान वरच्या खोलीत. मान्य?"

"मान्य," मी म्हणाले.

आक्का, आमची थोरली बहीण, भाकरी मोडायची थांबली होती. तिची हरकत पाण्याबद्दल नव्हती. "ओंडक्यांच्या सालीखाली जीव असतात," ती म्हणाली. "घरासाठी औषध मारून त्यांना मारणार तू?"

"थंडीत झाडं पाडायची आणि लगेच सोलायची. किड्यांनी अंडी घालायच्या आत. मग मारायला कुणी उरत नाही."

आक्कानं पुन्हा भाकरी मोडायला घेतली. "मग हरकत नाही. पण चौकट आधी. दार शेवटी लावलेल्या घरात मी पाय ठेवणार नाही."

यावर मला खरं तर भांडायला हवं होतं. आपल्याकडे जोतं झालं की आधी चौकट उभी राहते, तिची पूजा होते, सुताराला टॉवेल-टोपीचा मान मिळतो आणि मग चौकटीच्या आधारानं भिंती चढतात. ओंडक्यांच्या घरात क्रम उलटा असतो. आधी सलग भिंती रचायच्या, मग करवतीनं दाराची जागा कापायची आणि चौकट सर्वात शेवटी. पण मी विचार केला, क्रम कोणताही असो, चौकट भिंतीत अडकली नाही म्हणजे झालं. म्हणून आक्काच्या हातून पूजा झाली, नारळ फुटला, पिराजी सुताराच्या डोक्यावर टोपी आली आणि खांद्यावर टॉवेल.

पिराजी आणि चिमणाबाई हे खालच्या गावातलं जोडपं. पिराजीनं आयुष्यभर दारं आणि छपरं केली होती. ओंडक्यांची भिंत त्यानंही केली नव्हती आणि मीही. आम्ही एकाच इयत्तेत होतो.

पूजा झाल्यावर मी त्याला समजावलं. लाकूड सुकताना जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. भिंतीत ओंडके आडवे असतात, म्हणून सुकत जाईल तशी भिंतीची उंची कमी होणार. चौकटीचे पाय उभे असतात, त्यांची उंची तेवढीच राहणार. भिंत खाली बसणार आणि चौकट बसणार नाही. तेव्हा दोघांना एकमेकांत अडकवायचं नाही. ओंडक्यांच्या टोकांना उभी खोबण, चौकटीच्या पाठीला पट्टी, आणि पट्टी खोबणीत सरकती. चौकटीच्या डोक्यावर चार बोटं जागा रिकामी.

"म्हंजे चौकट हालती ठिवायची," पिराजी म्हणाला.

"हलती नाही. भिंतीला हलता येईल अशी."

"त्येच की."

"तुमची दाढ हालती, ती बरी चालती तुमास्नी?" चिमणाबाईनं कोयत्यानं साल ओढत विचारलं.

"तू साल काढ," पिराजी म्हणाला.

भिंती मात्र त्यानं अशा चढवल्या की मी रोज संध्याकाळी त्यांच्यावरून हात फिरवायचे. एका ओंडक्याचा बुंधा या कोपऱ्याला, तर त्याच्यावरच्याचा त्या कोपऱ्याला, म्हणजे रास तिरकी होत नाही. कोपऱ्यावर खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटात घ्यायची. खालच्याच्या पाठीत घेतली तर ती पाण्याची वाटी होते. खालच्या ओंडक्याचा उंचसखलपणा वरच्यावर जसाच्या तसा उतरवायला मी कॉलेजातला फळ्यावरचा लाकडी कंपास आणला होता. त्याचं एक टोक खालच्या ओंडक्यावरून फिरवलं की दुसऱ्या टोकाची पेन्सिल वरच्यावर तीच रेघ काढते. पिराजीनं तो एकदा हातात घेतला आणि परत दिला नाही. दोन ओंडक्यांच्या मधे चिमणाबाई काथ्या दाबून बसवायची. अशा भिंती छपराला भिडल्या. वर पत्रा चढला, त्याची वळचण मी हट्टानं रुंद ठेवायला लावली. मग आक्काच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं आणि मी कोल्हापूरला गेले.

आक्काचा डोळा बरा झाल्यावर मी परत आले, तेव्हा चौकट पॉलिशनं चमकत होती. चौकटीवरच्या मोकळ्या जागेवर आतून-बाहेरून फळी लावली होती. मला ते आवडलं.

वैशाखाच्या अखेरीस मी तिथे राहायला लागले होते. एका सकाळी उठले तर जमिनीवर उजेडाच्या रेघा पडलेल्या. दाराची भिंत पूर्वेला आहे. मी उठून भिंतीपाशी गेले. प्रत्येक दोन ओंडक्यांच्या मधे फट होती, दारापाशी बोट जाईल एवढी, आणि कोपऱ्याकडे निमुळती होत नाहीशी झालेली. दाराच्या दोन्ही बाजूंना तसंच. बाकी तीन भिंती घट्ट.

भिंत वाईट रचली असती तर फटी कुठेही पडल्या असत्या. या सगळ्या दारापासूनच सुरू होऊन कोपऱ्याकडे मिटत होत्या. याचा अर्थ कोपऱ्यात भिंत सुकून खाली बसली होती आणि दारापाशी तिला कुणीतरी वर धरून ठेवलं होतं.

मी चौकटीवरची फळी उचकटली. मागच्या चार बोटांच्या मोकळ्या जागेत सागवानाचे तुकडे ठोकून बसवले होते. मग चौकटीच्या पायावर हातोडीनं हलकेच ठोकत गेले. प्रत्येक ओंडक्यासमोर पॉलिशखाली लाकडाची एक गोल टिकली होती, खिळ्याचं डोकं झाकायला बसवतात तशी.

पिराजी आला तेव्हा मी दारातच बसले होते.

"पिराजी, चौकटीला खिळे मारलेत?"

"मारलं की," तो म्हणाला. "ह्ये एवढं, वीतभर. तुमी गावाला गेलता आन् वाऱ्यानं चौकट टकटक वाजत हुती. लय ग्वाड दिसंना."

"अडकवायची नाही, असं मी सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं. पर पूजेचा टॉवेल-टोपी कुणी घेतला? म्या घेतला, आक्कांच्या हातनं. उद्या चौकट हालली तर लोक कुणाला शिव्या देतील? तुमाला? तुमी तर मास्तरीन. पिराजीला देतील."

"वरची फट बी त्यांनीच बुजवली," चिमणाबाई म्हणाली. "म्या म्हटलं बाईस्नी फोन करा. तर म्हनं, फट ठिवणं म्हंजे कामचुकारपणा."

त्याला लाज वाटत नव्हती, आणि खोटंही तो बोलत नव्हता. टिकल्या त्यानं लपवण्यासाठी मारल्या नव्हत्या, बरं दिसावं म्हणून मारल्या होत्या. त्याच्या धंद्यात पूजा झालेली चौकट घट्ट असते. घराचं सगळं काही हललं तरी चालेल, चौकट नाही.

"फटीचं काय येवढं," तो म्हणाला. "सिमिट भरू. सायबांचंच दुकान हाय."

आणि त्यानं माझ्यादेखत सम्मेदला फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी सिमेंटची पोती चढणीच्या पायथ्याशी आली. पिराजीनं ती डोक्यावरून वर आणून दारासमोर रचली. सम्मेदचा फोन पाठोपाठ आला.

"भेट समज," तो म्हणाला. आवाजात हसू होतं. "शेवटी सिमेंटच लागलं की नाही?"

"परत ने."

"अगं, पाऊस दारात आलाय. फटी बुजव आणि मोकळी हो. मी काय पैज जिंकायला बसलो नाही."

"सिमेंट भरलं तर भिंत कायमची तशीच लोंबत राहील. ओंडका सुकत जाईल, सिमेंट नाही. त्यांच्या मधे नवी फट पडेल आणि पाणी आत जाऊन तिथंच बसेल. दोन पावसाळ्यांत लाकूड कुजेल."

"तुला एकच पावसाळा काढायचाय."

"मला तिथं राहायचंय, सम्मेद."

"पोती तिथंच असू देत," तो म्हणाला. "आठ दिवसांत फोन करशील."

मी पोत्यांवर प्लास्टिकसुद्धा टाकलं नाही.

उपाय एकच होता. खिळे आतून उपसता येणार नव्हते. चौकट आणि ओंडके यांच्या मधे पातं जाईल एवढी जागा पिराजीनं ठेवली नव्हती. चौकटीचे दोन्ही पाय मधोमध कापायचे, तुकडे उचकटून काढायचे, भिंत खाली बसू द्यायची आणि नवे, आखूड पाय लावायचे.

पिराजीनं हातातली करवत खाली ठेवली. "पूजा झालेल्या चौकटीवर करवत? न्हाय बाई. माझ्या हातनं व्हायचं न्हाय. दुसरा सुतार बगा."

"दुसरा कुणी येईल?"

"न्हाय," तो म्हणाला. "ह्या पंचक्रोशीत तरी न्हाय."

मी आक्काला फोन केला. व्हिडिओ लावून तिला फटी दाखवल्या, टिकल्या दाखवल्या आणि काय करायचं ते सांगितलं. तिच्या नव्या डोळ्याला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. पिराजी हात बांधून ऐकत होता. आक्का आपल्या बाजूनं आहे, याची त्याला खात्री होती.

"स्वस्तिक कुठं आहे?" आक्कानं विचारलं.

"माथ्यावर. माथा कापायचा नाही. फक्त पाय."

"माथा जमिनीला लागू देऊ नकोस," आक्का म्हणाली. "बाकी लाकूडच आहे."

मी करवत उचलली. ती दोन मुठींची, दोघांनी ओढायची करवत होती. एका बाजूला मी बसले. दुसरी मूठ रिकामी होती. मी पिराजीकडे पाहिलं नाही. एकटीनं ओढता येते, फक्त पातं वाकतं, वेळ लागतो. मी सुरुवात केली.

"सरा तिकडं," चिमणाबाई नवऱ्याला म्हणाली आणि पदर खोचून दुसऱ्या मुठीशी बसली. "मला कुणी टोपी घातली न्हाय. मला काय बी होत न्हाय."

"खुळे, कापतीस काय?"

"कापती की. तुमी खिळं मारताना मला इचारलं हुतं?"

सागवान हळू कापतं. आमचा ताल जमायला वेळ लागला. ती ओढताना मी ढकलायचे, ते चूक होतं. ढकलायचं नाही, फक्त सोडायचं, हे मला तिनं एकदा ओरडून सांगितलं. पहिला पाय अर्धा झाला तेव्हा पिराजी उठून गावात गेला. मला वाटलं, गेला तो गेलाच. तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ट्रॅक्टरचा जॅक होता.

"पाय सुटल्यावर वरचा ओंडका तुमच्या टाळक्यात बसंल," तो म्हणाला. "शिकवलेलं ध्यानात हाय का न्हाय?"

ते मला ठाऊक होतं. टेकूला मी दगड रचून ठेवले होते. पण जॅक त्याहून चांगला होता, कारण त्यानं ओझं हळूहळू खाली सोडता येतं.

"जॅक चालतो का तुम्हाला?" मी विचारलं.

"जॅकची पूजा कोण करतंय?" तो म्हणाला आणि दगडांवर जॅक बसवून त्यानं दारावरच्या ओंडक्याचं ओझं उचलून धरलं. सागवानाचे ठोकलेले तुकडे आपोआप सैल होऊन पडले. आम्ही पाय कापले, पहारीनं उचकटले. माथा सुटला तेव्हा पिराजीनंच तो दोन्ही हातांवर झेलला आणि खांद्यावरच्या मानाच्या टॉवेलात गुंडाळून आत खाटेवर ठेवला. ओंडक्यांच्या टोकांतून बाहेर आलेले खिळे मी हॅक्सॉनं एकेक करून छाटले.

"सोडा," मी म्हणाले.

पिराजीनं जॅक सोडायला घेतला. आधी काहीच झालं नाही. मग भिंतीतून एक लांब, कोरडा आवाज आला. चिमणाबाई दोन पावलं मागे सरकली. मी आत जाऊन जमिनीकडे बघत उभी राहिले. उन्हं अजून पूर्वेचीच होती. सर्वात खालच्या फटीची रेघ बारीक होत गेली आणि मिटली. मग तिच्या वरची. मग सगळ्यात वरची, जरा अडून, आणि पिराजीनं बाहेरून लाकडी मोगरीचा एक ठोका दिल्यावर तीही मिटली. दारातून येणारं ऊन सोडलं तर जमीन सपाट, काळसर दिसायला लागली.

"बसली?" बाहेरून पिराजीनं विचारलं.

"बसली."

नवी चौकट जुन्या माथ्याखाली वीतभर बुटकी झाली, कारण भिंत अजून बसायची होती आणि तिच्यासाठी वर पुन्हा चार बोटं ठेवायची होती. या वेळी ती जागा पिराजीनं स्वतः मोजली. झाकणाची फळी फक्त वरच्या ओंडक्याला ठोकली, चौकटीला नाही. "वाजंल," तो म्हणाला.

"वाजू दे," मी म्हणाले. आत कडी लावायला सांगितली, ती त्यानं जाड लोखंडाची आणली.

सम्मेद श्रावणात आला तेव्हा समोरची झाडं दिसत नव्हती इतका पाऊस होता. छत्रीचा काही उपयोग झाला नव्हता. चढण चढून तो दारासमोर आला आणि पायाखाली बघून थांबला. पावसात भिजून त्याची पोती दगड झाली होती. वरचा कागद मी सोलून काढला होता आणि ती एकापुढे एक लावून घेतली होती.

"हे माझं सिमेंट?"

"पायरी बरी झाली," मी म्हणाले. "ये."

त्यानं पाऊल उचललं आणि चौकटीच्या माथ्याला त्याचं कपाळ टण्णकन आपटलं. पिराजी आणि चिमणाबाई आत चुलीपाशी होते. चिमणाबाईनं तोंडाला पदर लावला.

"वाका की सायेब," पिराजी म्हणाला.

सम्मेद कपाळ चोळत आत आला. बाहेर पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं. त्यानं वेळ घालवला नाही. सरळ दाराच्या भिंतीशी गेला, तळवा ओंडक्यावर टेकवला, कोपऱ्यापर्यंत ओढत नेला आणि उलटा करून पाहिला.

"ओला," तो म्हणाला. हरल्यावर माणूस बोलतो तशा आवाजात म्हणाला, कारण वाईट त्यालाही वाटलं होतं. "त्रिशला, ओला आहे गं."

पिराजी उठून उभा राहिला.

मी टॉवेल घेतला आणि भावासमोर धरला. "तू आलास तो भिजून आलास. हात पूस. बाही वर कर, तिच्यातूनही पाणी गळतंय. आणि पुन्हा पहिल्यापासून फिरव."

"त्यानं काय होणार आहे?"

"ओलं काय आहे ते कळेल. तू की भिंत."

त्यानं हात पुसले. बोटांच्या बेचक्या पुसल्या. बाही कोपरापर्यंत दुमडली. मग पुन्हा दारापासून सुरुवात केली. या वेळी तो घाई करत नव्हता. प्रत्येक ओंडक्याच्या मधल्या काथ्यात बोट दाबून पाहत होता, कोपऱ्यांत नखं घालत होता. एक भिंत, मग पश्चिमेची, जिच्यावर सगळा पाऊस झोडपत होता. तिथे तो सर्वात जास्त वेळ थांबला आणि कान लावून उभा राहिला. चौकटीपाशी परत आल्यावर त्यानं वरच्या फळीमागे हात घातला. मोकळ्या जागेत त्याची बोटं गेली.

"इथं फट आहे," तो म्हणाला.

"ठेवलीय. चार बोटं होती. आता मोज."

त्यानं बोटं आडवी घालून पाहिली. तीन बसली, चौथं बसलं नाही. त्यानं हात काढला. तळव्याला सुक्या लाकडाची भुकटी लागली होती. तो ती बराच वेळ बघत राहिला, मग पँटला पुसली.

"रिसॉर्टवाल्याला काय सांगू?"

"दार बंद आहे म्हणून सांग."

तो हसला. चिमणाबाईनं चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच प्यायला. जाताना दारात थांबला, आधी मान खाली घातली, मग पाऊल टाकलं. पायरीवरून वळून मोठ्यानं ओरडला, "बाकी सगळं तुझ्या मनासारखं होऊ दे. दार तेवढं उंच कर पुढच्या वर्षी!"

"नाही," मी म्हणाले, आणि आतून कडी लावली.